पाखरांना दाणा, उंदरांना मज्जाव

अंगण, गच्ची आणि सज्जा येथील दाणापाण्याविषयी कुटुंबांसाठी आरोग्यपाठ

हा पाठ कशासाठी?

पाखरांना दाणापाणी घालण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. गुजरातेतील गावोगावी पाखरांसाठी उंच चबुतरे उभारलेले दिसतात. राजस्थानात उन्हाळा लागला की झाडांना पाण्याचे परिंडे बांधले जातात, आणि तेथील खीचन गावी हिवाळ्यात येणाऱ्या क्रौंच पक्ष्यांसाठी गावकरी पोत्यांनी ज्वारी टाकतात. तामिळनाडूतील अनेक घरांत जेवणापूर्वी कावळ्यासाठी भात ठेवतात. पितृपक्षातील काकबळी तर आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. अलीकडच्या काळात चिमणीविषयीची आस्थाही वाढली आहे. २० मार्च हा दिवस २०१० पासून जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो, आणि दिल्ली व बिहार यांनी चिमणीला राज्यपक्ष्याचा मान दिला आहे.

ही रीत मोडावी, असे या पत्रकाचे सांगणे नाही. मात्र पाखरांसाठी ठेवलेला दाणा रात्री कोणाच्या पोटात जातो, हे प्रत्येक घराने एकदा तपासून पाहावे. चिमणी, साळुंकी, बुलबुल आणि होला हे पक्षी दिवसा येतात व अंधार पडण्यापूर्वी परततात. उंदीर आणि घुशी अंधार पडल्यावर बाहेर निघतात. म्हणून या पाठाचा मुख्य नियम एकच आहे: सूर्यास्तानंतर दाण्याचा एकही कण उघड्यावर शिल्लक राहू नये. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी याच नियमातून निघतात.

दाण्यावर येणारे पाहुणे कोण?

उपाय करण्यापूर्वी प्राणी ओळखावा, कारण दाण्याजवळ दिसणारा प्रत्येक चपळ जीव उंदीर नसतो.

*खार* दिवसा दिसते. तिच्या पाठीवर पट्टे असतात व शेपूट झुबकेदार असते. ती दाणा सांडते. परंतु तिला पकडण्याचे किंवा मारण्याचे कारण नाही. दाण्याचे प्रमाण कमी ठेवणे एवढेच पुरेसे आहे.

*चिचुंद्री* लांब टोकदार तोंडाची असते, तिला उग्र वास येतो व ती चिरचिर आवाज करीत भिंतीकडेने धावते. ती उंदरांच्या कुळातील नसून प्रामुख्याने किडे खाते. तरीही तिला उघड्या हाताने स्पर्श करू नये.

*घरातील लहान उंदीर* बोटाएवढा असतो. सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतूनही तो आत शिरतो. त्याच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात.

*मोठा उंदीर* छपरावर, झाडांवर, तारांवर आणि गटारांत वावरतो. अंगठा जाईल एवढे भोक त्याला पुरते.

*घूस* अंगणात, पायाजवळ व गटाराच्या कडेला बिळे करते. बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या ताज्या मातीचा ढीग दिसतो. ती बिळात धान्य साठवते. त्यामुळे अंगणात सांडलेला दाणा तिच्यासाठी महिनाभराची बेगमी ठरू शकतो.

प्राणी प्रत्यक्ष दिसला नाही, तरी खुणा दिसतात: ताज्या, ओलसर व काळ्या लेंड्या, भिंतीकडेने पडलेला तेलकट मळकट पट्टा, कुरतडलेली पोती व वायरी, रात्री माळ्यावरील खुडबुड आणि मुताचा तीव्र वास. यांपैकी दोन खुणा एकत्र आढळल्यास उंदरांचा वावर आहे असे समजावे. उंदीर भरदिवसा दाण्यावर दिसू लागले, तर त्यांची संख्या बरीच वाढली असण्याची शक्यता आहे.

उरलेल्या मुठीचा हिशेब

मोठा उंदीर एका दिवसात साधारणपणे आपल्या वजनाच्या दहाव्या भागाइतके अन्न खातो. पाव किलो वजनाच्या उंदराला २५ ग्रॅमच्या आसपास दाणा पुरतो. मूठभर बाजरी ४० ते ५० ग्रॅम भरते. म्हणजे संध्याकाळी उरलेली एक मूठ बाजरी हे दोन मोठ्या उंदरांचे पोटभर जेवण होय. लहान उंदीर दिवसाला ३ ते ४ ग्रॅम खातो. त्यामुळे तीच मूठ दहाबारा लहान उंदरांना पुरते.

उंदराच्या मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो. एका वेळी सहा ते दहा पिले होतात आणि ती दोनतीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. अन्न भरपूर असेल तर हा क्रम वर्षभर चालतो. चार उंदीर पिंजऱ्यात सापडले, तरी दाणा तसाच सांडत राहिल्यास त्यांची जागा लवकरच दुसरे घेतात. पिंजरा उंदीर कमी करतो. परंतु किती उंदीर टिकतील हे अन्नावरून ठरते.

उंदरांपासून कोणते आजार होतात?

*लेप्टोस्पायरोसिस.* या आजाराचे जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात आणि मुतावाटे बाहेर पडतात. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही. ओलसर माती व साचलेले पाणी यांत हे जिवाणू आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतात. कोरड्या जागी व उन्हात मात्र लवकर मरतात. माणसाच्या त्वचेवरील जखम, भेग, ओरखडा, तसेच डोळे, नाक व तोंड यांच्या नाजूक त्वचेतून ते शरीरात शिरतात. म्हणून अंगणातील ज्या कोपऱ्यात रात्री उंदीर दाणा खातात, त्याच कोपऱ्यातील चिखलात मुलांनी अनवाणी खेळणे धोक्याचे ठरते.

केरळ, तामिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात आणि अंदमान-निकोबार बेटे येथे हा आजार विशेषकरून आढळतो. दक्षिण गुजरातेत भात व उसाच्या शेतांत काम करणाऱ्यांना तो पावसाळ्यात होतो. मुंबईत जुलै २००५ च्या महापुरानंतर आणि केरळात २०१८ च्या महापुरानंतर त्याचे रुग्ण वाढले होते. पाऊस, चिखल आणि उंदीर ही तिन्ही एकत्र आली की धोका वाढतो. पाऊस आपल्या हातात नाही. अंगणातील दाणा आपल्या हातात आहे.

*स्क्रब टायफस.* उंदरांच्या अंगावर व झुडपांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कीटकांच्या पिलांच्या चाव्यातून हा ताप येतो. हिमालयाच्या पायथ्यापासून तामिळनाडूपर्यंत आणि ईशान्येकडील राज्यांतही तो आढळतो. चाव्याच्या जागी काळी खपली धरते. ती बहुधा काखेत, जांघेत किंवा कमरेजवळ असल्याने सहज लक्षात येत नाही.

*अन्नविषबाधा व चाव्याचा ताप.* उंदीर स्वयंपाकघरात फिरल्यास त्यांच्या लेंड्यांतून साल्मोनेला जिवाणू अन्नात जाऊ शकतात. उंदीर चावल्यानंतर काही दिवसांनी ताप, पुरळ व सांधेदुखी सुरू झाल्यास तो चाव्यातून आलेला ताप असू शकतो.

*प्लेग.* १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची मोठी साथ आली. १९९४ मध्ये बीड जिल्हा व सुरत येथे त्याने पुन्हा भीती निर्माण केली. आज हा आजार क्वचितच आढळतो आणि वेळेवर प्रतिजैविके मिळाल्यास बरा होतो. तरीही विष घातलेले नसताना परिसरात एकाएकी अनेक उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना हात न लावता आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे.

उंदीर वाढले की त्यांच्या मागावर सापही येतात. नाग व घोणस हे विषारी साप उंदीर खातात. त्यामुळे दाण्याची जागा स्वच्छ ठेवणे हा सर्पदंश टाळण्याचाही एक उपाय आहे.

दाणा घालण्याची योग्य रीत

१. *वेळ ठरवावी.* दाणा सकाळी घालावा. संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, उरलेला दाणा उचलून झाकणाच्या डब्यात ठेवावा. भांडे रात्रभर बाहेर राहू देऊ नये.

२. *माप ठरवावे.* पहिल्या दिवशी एक मूठ दाणा घालावा. दुपारपर्यंत तो संपला तर पाखरांना तेवढा पुरतो असे समजावे. संध्याकाळी उरला तर दुसऱ्या दिवशी अर्धी मूठ घालावा. आपल्या अंगणातील पाखरांच्या भुकेचे माप आठवडाभरात कळते.

३. *दाणा जमिनीवर फेकू नये.* कडा असलेल्या रुंद ताटलीत किंवा मातीच्या परळात तो ठेवावा. टांगत्या भांड्याखाली मोठे ताट बांधल्यास सांडलेले दाणे त्यात पडतात. ताटाला बारीक भोके पाडावीत, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही.

४. *जागा निवडावी.* मोठा उंदीर उभ्याने सुमारे पाऊण मीटर व आडवी सव्वा मीटरपर्यंत उडी मारू शकतो. म्हणून अंगणातील भांडे गुळगुळीत लोखंडी खांबावर, जमिनीपासून दीड मीटर उंच आणि भिंत, फांदी, तार व कुंपण यांपासून दोन मीटर दूर असावे. खांबावर पत्र्याचा उलटा शंकू बसवल्यास उंदराला वर चढता येत नाही. लाकडी खांब, दोरी आणि वेल यांवर उंदीर सहज चढतो. सज्जात एवढे अंतर मिळत नाही; तेथे संध्याकाळी भांडे आत घेणे हाच खरा उपाय आहे.

५. *दाणा निवडून घ्यावा.* चिमण्यांसाठी बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी उपयुक्त आहे. ज्या दाण्यांना पाखरे तोंड लावत नाहीत, ते मिश्रणातून काढून टाकावेत. अन्यथा तेच खाली पडून रात्री उंदरांच्या कामी येतात. शिजलेला भात, पोळी, फरसाण, बिस्किटे व उष्टे अन्न ठेवू नये. असे अन्न लवकर नासते, त्यावर बुरशी येते आणि पाखरेही आजारी पडतात. रूढीप्रमाणे कावळ्यासाठी भात ठेवायचा असल्यास घासभर ठेवावा आणि पक्षी उडून गेल्यावर जागा धुऊन घ्यावी.

६. *साठा सुरक्षित ठेवावा.* पोते व प्लॅस्टिकची पिशवी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. पाखरांचा दाणा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात, जमिनीपासून उंचावर ठेवावा.

७. *भांडे धुवावे.* आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने घासून उन्हात पूर्ण वाळवावे. ही भांडी स्वयंपाकाच्या भांड्यांसोबत धुऊ नयेत. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

पाण्याच्या भांड्याविषयी

उंदरांनाही पाणी लागते. म्हणून पाण्याचे परळही रात्री उपडे करून ठेवावे. याचा दुसरा लाभ असा, की डेंगी पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे सात ते दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात व नुसते पाणी ओतून दिल्याने जात नाहीत. म्हणून पाणी रोज बदलावे आणि आठवड्यातून एकदा परळाची आतली बाजू काथ्याने घासून काढावी.

उंदीर आधीच आले असतील, तर क्रम कोणता?

एक उदाहरण घेऊ. एका बैठ्या घराच्या मागील अंगणात आजी रोज पहाटे दोन वाट्या ज्वारी पसरतात. दुपारी निम्मी ज्वारी तशीच पडून असते. पावसाळ्याच्या तोंडावर मोरीजवळ दोन बिळे दिसतात आणि माळ्यावर खुडबुड सुरू होते. घरात चार वर्षांचे मूल आहे व ते त्याच अंगणात खेळते. अशा घरात पहिला विचार सहसा विष आणण्याचा होतो. तो सोडून पुढील क्रम पाळावा.

*पहिले दोन दिवस: घर राखावे.* अंगणातील अन्न बंद झाले की भुकेले उंदीर घरात शिरतात. म्हणून आधी स्वयंपाकघरातील धान्य, पीठ, कांदे-बटाटे व कचरा झाकून ठेवावा. मोरीच्या व गटाराच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवावी. दाराखालची फट पत्र्याच्या पट्टीने बंद करावी. नळ व वायरींभोवतीची भोके सिमेंटने बुजवावीत. नुसते कापड किंवा लाकूड कोंबल्यास उंदीर ते कुरतडतो. भोक बुजवण्यापूर्वी त्यात कागदाचा बोळा घालून ठेवावा. दुसऱ्या दिवशी बोळा बाहेर पडलेला आढळला तर तेथे वावर आहे असे समजून, घरातील उंदीर पिंजऱ्यात सापडल्यावरच ते भोक बंद करावे.

*तिसऱ्या दिवसापासून दोन आठवडे: दाणा थांबवावा.* पाखरांची काळजी नको; त्यांना परिसरात बिया व किडे मिळतात. दिवसा पाणी ठेवण्यास हरकत नाही. जमिनीवरील जुना दाणा झाडून नव्हे, तर ओला करून गोळा करावा. लाकडे, विटा, भंगार व नारळाच्या झावळ्यांचे ढीग हलवावेत. गवत कापावे आणि छपरावर टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात.

*याच काळात पिंजरे लावावेत.* उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पहिल्या दोनतीन रात्री पिंजऱ्यात खोबऱ्याचा तुकडा, शेंगदाणे किंवा सुकी मासळी ठेवून दार उघडे बांधून ठेवावे. त्याची भीती मोडली की चाप लावावा. उंदीर उघड्यावरून न जाता भिंतीला घासून धावतो. त्यामुळे पिंजरा भिंतीकडेला ठेवावा. खारी व पाखरे अडकू नयेत म्हणून चाप संध्याकाळी लावून सकाळी काढावा. सापडलेला उंदीर दुसऱ्याच्या अंगणात सोडू नये. त्याच्या विल्हेवाटीसाठी नगरपालिकेचा कीटक व मूषक नियंत्रण विभाग किंवा ग्रामपंचायत यांचा सल्ला घ्यावा.

दोन आठवडे ताज्या लेंड्या व नवी माती दिसली नाही, तर दाणा पुन्हा सुरू करावा. या वेळी मात्र परळात, मापून आणि सूर्यास्तापर्यंतच. उदाहरणातील आजींना दाणा सोडावा लागत नाही. दोन वाट्यांची एक मूठ होते आणि अंगणाऐवजी परळ येते, इतकेच.

विष व चिकट फळी का टाळावी?

घरात मूल असेल तर उंदरांचे विष हा उंदरापेक्षा मोठा धोका आहे. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट पोटात गेल्यावर रुग्ण एकदोन दिवस ठीक वाटू शकतो आणि नंतर यकृत निकामी होऊ लागते. झिंक फॉस्फाइडपासून पोटात विषारी वायू तयार होतो व त्यावर उतारा नाही. रक्त न गोठू देणाऱ्या गोळ्यांचा परिणामही काही दिवसांनी दिसतो. विष खाऊन मेलेला उंदीर घुबड, मांजर किंवा कुत्र्याने खाल्ल्यास त्यांनाही बाधा होऊ शकते. शिवाय पाखरांच्या दाण्याजवळ ठेवलेले विषारी धान्य पाखरेच खातील.

विष पोटात गेल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट पाहू नये. उलटी करवू नये, मीठाचे पाणी, दूध किंवा तूप पाजू नये. विषाचे वेष्टन सोबत घेऊन रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे. वाहनासाठी १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

चिकट फळीवर अडकलेला उंदीर तासन्‌तास तडफडतो आणि भीतीने मलमूत्र टाकतो. त्यामुळे फळी उचलणाऱ्याला संसर्गाचा धोका राहतो. पाखरे, सरडे व खारीही तीवर चिकटतात. या क्रौर्यामुळे काही राज्यांनी अशा फळ्यांवर बंदी घातली आहे.

लेंड्या व मेलेले उंदीर: सफाई कशी करावी?

सुक्या लेंड्या झाडूने झाडू नयेत. त्यामुळे दूषित धूळ उडते व श्वासात जाते. दारे-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवाव्यात. रबरी हातमोजे घालावेत व नाकातोंडावर मास्क लावावा. एक लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर ढवळून ते पाणी लेंड्यांवर हळूच ओतावे व दहा मिनिटे थांबावे. नंतर जुन्या फडक्याने पुसून फडके व लेंड्या पिशवीत घट्ट बांधाव्यात. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ॲसिड, फिनेल किंवा दुसरे कोणतेही सफाईद्रव्य मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघू शकतो.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. त्यावर हेच पाणी शिंपडून, एकात एक अशा दोन पिशव्यांत बांधून नगरपालिकेच्या सूचनेप्रमाणे द्यावा, किंवा विहीर व ओढा यांपासून दूर किमान दोन फूट खोल पुरावा. दाण्याजवळ मेलेली पाखरे आढळली, तर त्यांनाही हात लावू नये. पशुसंवर्धन विभागाला कळवावे आणि दाणा तूर्त थांबवावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

उंदरांचा वावर असलेल्या घरात किंवा पावसाळ्यात चिखलपाण्यातून चालल्यानंतर पुढील लक्षणे दिसल्यास ताप अंगावर काढू नये:

– थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी व विशेषतः पोटऱ्यांत वेदना;
– डोळे लाल होणे;
– डोळे किंवा त्वचा पिवळी पडणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, थुंकीतून रक्त पडणे (या लक्षणांत तातडीने रुग्णालय गाठावे);
– ताप आणि अंगावर कोठेही काळी खपली.

लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे संसर्गानंतर साधारणपणे ५ ते १४ दिवसांत दिसतात. कधी दोन दिवसांत, तर कधी महिन्यानेही. म्हणून डॉक्टरांना हे वाक्य आपणहून सांगावे: “आमच्या घरी उंदीर आहेत,” किंवा “गेल्या महिन्यात मी साचलेल्या पाण्यातून गेलो होतो.” रुग्णाच्या या माहितीमुळे निदान लवकर होते. योग्य प्रतिजैविके लवकर सुरू झाली तर हा आजार बरा होतो; उशीर झाल्यास मूत्रपिंड, यकृत व फुप्फुसे यांना इजा होऊन जीव जाऊ शकतो. निदान होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये. प्रतिबंधक गोळ्याही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

उंदीर चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना किंवा मिरचीपूड लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. धनुर्वाताची सुई व इतर लस यांची गरज डॉक्टर ठरवतील.

ज्यांच्या हातापायांवर जखमा आहेत किंवा ज्यांच्या पायांना मधुमेहामुळे भेगा पडल्या आहेत, त्यांनी दाण्याची जागा साफ करण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे. ते शक्य नसेल तर जखम झाकून, गमबूट व हातमोजे घालूनच करावे.

शेजार आणि वस्ती

उंदराला कुंपण कळत नाही. एका घराने दाणा आवरला आणि शेजारच्या गच्चीवर पोते उघडे राहिले, तर लाभ अर्धाच होतो. इमारतीत किंवा गल्लीत दाणा घालणाऱ्यांनी मिळून एक जागा, एक वेळ आणि सफाईची पाळी ठरवावी. कबुतरांना मोठ्या प्रमाणावर दाणा टाकणे मात्र टाळावे. त्यांच्या सुक्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीमुळे काही व्यक्तींना फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार होतो, आणि तेथे सांडणाऱ्या दाण्यावर रात्री उंदीर जमतात. याबाबत स्थानिक संस्थेचे नियम असतील तेथे ते पाळावेत. शेजारच्या वृद्ध व्यक्तीला “दाणा घालू नका” असे फटकारण्याऐवजी संध्याकाळी परळ उचलून देण्याची मदत करावी. ती अधिक उपयोगी पडते.

उजळणी

*१. दाणा संपतो, पण रात्री. हे कसे ओळखावे?* संध्याकाळी परळ उचलण्यापूर्वी उरलेला दाणा पाहावा. तो रोज उरत असेल आणि सकाळी नाहीसा होत असेल, तर तो पाखरांनी खाल्लेला नाही.

*२. आधी दाणा थांबवावा की घराची भोके बंद करावीत?* आधी घरातील अन्न झाकावे व भोके पाहावीत. मग दाणा थांबवावा.

*३. विष दाण्यापासून दूर ठेवले तर चालेल का?* नाही. उंदीर विषारी दाणा ओढून कोठेही नेऊन टाकतो, आणि मूल किंवा मांजर तेथे पोहोचू शकते.

*४. ताप आल्यास डॉक्टरांना काय सांगावे?* घरात उंदीर आहेत का, चिखलपाण्याशी संबंध आला का, आणि अंगावर काळी खपली आहे का.

*५. रोज संध्याकाळी कोणती तीन कामे करावीत?* दाणा उचलणे, पाण्याचे परळ उपडे करणे आणि खाली सांडलेले दाणे ओल्या फडक्याने टिपणे.

या तीन कामांना पाच मिनिटे लागतात. ती घरातील एका व्यक्तीच्या नावे ठरवून द्यावीत. सकाळी दाणा घालणारा आणि संध्याकाळी परळ उचलणारा एकच असेल तर उत्तम. नसेल, तर संध्याकाळच्या कामाला आधी माणूस नेमावा आणि मगच सकाळचा दाणा घालावा. अधिक माहितीसाठी आपल्या भागातील आशा कार्यकर्ती, आरोग्यसेविका, आयुष्मान आरोग्य मंदिर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याशी संपर्क साधावा.